औषधी परसबागेचे खत : द्रव्यपरीक्षेइतकीच खतपरीक्षाही हवी

मृगाचा पाऊस जवळ आला की आमच्याकडे एक प्रश्न दरवर्षी न चुकता येतो. तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, न्हावरे, केडगाव या परिसरातील वैद्यबंधू भेटतात, चहा होतो, व्यवसायाची चार सुखदुःखे बोलून होतात आणि उठता उठता विचारणा होते, "परसातल्या वनस्पतींसाठी स्वस्त आणि खात्रीचे सेंद्रिय खत कोठे मिळेल?" दवाखान्यामागे तुळस, अडुळसा, कोरफड आणि निंबावर चढवलेली गुळवेल ही आपल्या पिढ्यान्पिढ्यांची रीत आहे. बाजारातील ओल्या वनस्पतींची खात्री देता येईनाशी झाल्यापासून अनेक औषधशाळाचालकांनीही ब्राह्मी, शतावरी, माका, पुनर्नवा यांचे वाफे स्वतः करण्यास प्रारंभ केला आहे. ही अत्यंत स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु या बागेत जे खत पडते त्याची चौकशी आपण किती करतो? हा विषय रोपवाटिकेवाल्याचा आहे, वैद्याचा नव्हे, असे आम्हालाही पुष्कळ वर्षे वाटत होते. ते मत आम्हाला बदलावे लागले. ते का बदलले आणि त्यातून आम्ही काय शिकलो, हे येथे मांडण्याचा हेतू आहे.

प्रश्नात दोन विशेषणे आहेत, 'स्वस्त' आणि 'खात्रीचे'. बहुतेक चर्चा पहिल्यावरच संपते. आमच्या मते दुसरे विशेषण अधिक महत्त्वाचे आहे आणि ते सांभाळले तर पहिले आपोआप साधते.

शास्त्राची दृष्टी

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील छत्तिसावा अध्याय भूमीच्या परीक्षेला वाहिलेला आहे. औषधी कोठून घ्यावी हे सांगताना आचार्यांनी खाचखळगे, खडे, दगड, वारुळे, स्मशान, वधस्थान आणि वाळू यांनी दूषित झालेली भूमी वर्ज्य मानली. कृमी, विष, शस्त्र, ऊन, वारा, अग्नी व पाणी यांनी बाधित झालेली वनस्पती घेऊ नये असेही बजावले. एवढ्यावरच न थांबता विरेचनद्रव्ये पृथ्वी व जल या महाभूतांचे प्राबल्य असलेल्या भूमीतून, तर वमनद्रव्ये अग्नी, आकाश व वायू यांचे प्राबल्य असलेल्या भूमीतून घ्यावीत असा विवेक सांगितला. चरकाचार्यांनीही कल्पस्थानाच्या आरंभी देश आणि भूमी यांचा विचार केला आहे. याचा इत्यर्थ एवढाच की, भूमी ही वनस्पतीला उभी राहण्यापुरती जागा आहे असे आपल्या शास्त्राने कधीही मानले नाही. भूमीचे गुणदोष द्रव्यात उतरतात, हे गृहीत धरूनच द्रव्यगुणाची मांडणी झाली आहे.

खताचा विचारही आपल्या परंपरेस नवा नाही. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात कुणपजलाचे वर्णन आहे. या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होते. त्याची प्रत मिळवून १९९६ साली डॉ. नलिनी साधले यांच्या इंग्रजी अनुवादासह तो प्रसिद्ध झाला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना त्याची प्रथम ओळख झाली. प्राणिज द्रव्ये पाण्यात शिजवून, कुजवून वृक्षांना देण्याची ती पद्धत होती. म्हणजे मुळाशी काय घालावे हे सांगणे आपल्या पूर्वसूरींना कमीपणाचे वाटले नाही. मग आपल्याला ते का वाटावे?

आमच्याकडून घडलेली चूक

आता कबुलीची गोष्ट. आमच्या औषधशाळेत काढ्यांचा चोथा, चूर्णे चाळल्यानंतरचा गाळ आणि आवारातील पालापाचोळा एका खड्ड्यात जात असे. त्याचे उत्तम खत होई व ते ब्राह्मीच्या वाफ्यावर पडे. खर्च शून्य. आम्हाला त्याचा अभिमानही वाटे. एके दिवशी खड्ड्याच्या कडेला काळ्या, चमकदार भुकटीची खपली दिसली. हातात घेतल्यावर ओळखण्यास क्षणही लागला नाही. ती कज्जली होती. चौकशी केली तेव्हा कळले की, खलगृहाची झाडलोट आणि भस्मे गाळलेल्या फडक्यांचे धुणे कित्येक महिने त्याच खड्ड्यात जात होते. झाडणाऱ्या बाईंचा यात काडीचाही दोष नव्हता. "सगळा केर खड्ड्यात टाका" ही आमचीच आज्ञा होती. पारद, गंधक, नाग आणि वंग ज्या खोलीत हाताळले जातात तिचा केर वेगळा असतो, हे त्यांना सांगण्याचे आम्हालाच सुचले नव्हते.

आम्ही ब्राह्मीचा तो वाफा काढून टाकला, वीतभर माती उपसली, खड्डा रिकामा केला आणि ते सर्व बंद गोण्यांत भरून बागेपासून व विहिरीपासून दूर ठेवले. त्यापूर्वीच्या दोन तोडण्यांची ब्राह्मी मात्र रुग्णांच्या पोटात गेलेली होती. त्यात किती अंश उतरला असेल, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. ही टोचणी आजही जात नाही.

येथे एक साधे सत्य ध्यानात घेण्यासारखे आहे. पालापाचोळा कुजतो, धातू कुजत नाही. खड्डाभर द्रव्य कुजून अर्ध्यावर येते तेव्हा त्यातील शिशाचे प्रमाण घटत नाही, उलट दुपटीने गाढ होते. शिवाय ब्राह्मी ही जड धातू ओढून साठवणारी वनस्पती म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांना परिचित आहे. मेध्य म्हणून आपण जी बालकांना देतो, तीच नेमकी या बाबतीत सर्वांत नाजूक आहे.

प्रश्न केवळ आमच्या परसापुरता नाही

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा अथवा आर्सेनिक आढळल्याचे त्यात म्हटले होते. त्या वेळी आपल्या व्यवसायात मोठी खळबळ माजली. रसौषधींच्या शोधन-मारणाबद्दलचे अज्ञान त्या अभ्यासात आहे, असे आपण हिरिरीने म्हटले आणि त्यात काही तथ्यही होते. पण त्यानंतर शासनाने जो नियम केला तो केवळ वनस्पतिज औषधांना लागू होता. १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांची जड धातूंसाठी तपासणी अनिवार्य झाली आणि शिसे दशलक्षात १० भाग, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग अशा मर्यादा ठरल्या. ज्या औषधात रसद्रव्याचा लेशही नाही, त्यात शिसे येईल कोठून? ते हवेतून येईल, पाण्यातून येईल, यंत्रातून येईल आणि मातीतून व खतातूनही येईल.

दुसरीकडे खत नियंत्रण आदेशात २००६ साली सेंद्रिय खतांचा समावेश झाला, तेव्हा शहरी कंपोस्ट व गांडूळखतासाठी शिशाची कमाल मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ५ मिलिग्रॅम अशी ठेवण्यात आली. शेतीच्या दृष्टीने ती योग्यही असेल. पण दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. औषधात चालेल त्याच्या दहापट शिसे आणि सोळापटींहून अधिक कॅडमियम असलेले खत कायद्याने निर्दोष ठरते. खतातील सर्व धातू वनस्पतीत उतरतो असे नाही, हे आम्ही जाणतो. तथापि मुळांना व जमिनीलगतच्या पानांना चिकटलेली माती आपण कितीही धुतली तरी थोडी राहतेच. म्हणून "गोणीवर सेंद्रिय लिहिले आहे" एवढ्यावर वैद्याने समाधान मानू नये. भाजीच्या बागेला जे पुरेसे आहे ते औषधीच्या बागेला पुरेसे असतेच असे नाही.

स्वस्त खताचा हिशेब

आता खर्चाकडे वळू. शंभर चौरस फूट वाफ्यावर एक इंच जाडीचा थर द्यावयाचा तर सव्वाआठ घनफूट, म्हणजे अदमासे १३० ते १५० किलो खत लागते. पाचशे चौरस फुटांच्या मध्यम बागेला याच हिशेबाने ४० किलोच्या सोळा ते एकोणीस गोण्या लागतील. रोपवाटिकेतून आणलेल्या दोन-तीन लहान पिशव्यांनी बाग पोसली जाते हा भ्रम या हिशेबाने दूर व्हावा.

विकत घ्यावेच लागले तर गोणीचा नव्हे, त्यातील नत्राचा भाव काढावा. एक टक्का नत्राच्या ४० किलो गांडूळखतात ४०० ग्रॅम नत्र असते. चार-पाच टक्के नत्राच्या तेवढ्याच निंबोळी पेंडीत दीड ते दोन किलो असते. पेंडीची गोणी गांडूळखताच्या तिप्पट दराने मिळाली तरी नत्राच्या दृष्टीने ती स्वस्तच पडते. मात्र पेंड जमिनीला भुसभुशीत करीत नाही. ते काम कुजलेल्या काडीकचऱ्याचेच आहे. ओलावाही पाहावा. अर्धे पाणी असलेले खत म्हणजे अर्ध्या दामाचे पाणी.

आमच्या भागात विकत न घेता अथवा अल्प मोलात मिळण्याजोगे बरेच काही आहे. चासकमानच्या कालव्याने शिरूरच्या पश्चिम भागात आणि भीमेच्या पाण्याने दौंडमध्ये ऊस वाढला. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी ते पेटवून दिले जाते. शेतकऱ्याला विचारले तर तो आनंदाने उचलू देतो. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे व पावसाळ्यापूर्वी परतणारे धनगरांचे वाडे शेतात बसतात. लेंडीखतात सुमारे तीन टक्के नत्र असते, साध्या शेणखतात अर्धा टक्का. परसात मेंढ्या बसवता येत नाहीत, परंतु दोन-चार पोती लेंड्या मिळवणे अवघड नसते. त्या फोडून, भिजवून, खड्ड्यात मुरवूनच वापराव्यात. कोंबडीखतही या पट्ट्यात मुबलक आहे आणि तेही नत्राने समृद्ध आहे. परंतु पक्ष्यांना कोणती औषधे व खाद्यपूरके दिली गेली हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून औषधी वाफ्यासाठी आम्ही ते वर्ज्य करतो. फुलझाडांना घालण्यास हरकत नाही. साखर कारखान्याचे प्रेसमड मिळाले तर ते कुजवल्याविना घालू नये. ताजे शेण तर मुळीच घालू नये. हुमणीची अळी, हराळीचे तुकडे आणि गाजरगवताचे बी ही त्याची हमखास सोबत असते.

जीवामृताबद्दल पुष्कळ विचारले जाते. सुभाष पाळेकर यांनी प्रचलित केलेल्या कृतीत २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती असते. त्यातील शेणाचे नत्र ४०-५० ग्रॅमांच्या आसपास भरेल. म्हणजे ते विरजण आहे, दूध नव्हे. जमिनीत कुजलेले सेंद्रिय द्रव्य असेल तर विरजण लागेल. रिकाम्या भांड्याला विरजण लावून दही मिळत नाही. हे आम्ही त्या पद्धतीस कमी लेखण्यासाठी म्हणत नाही, तिच्याकडून योग्य तीच अपेक्षा ठेवावी यासाठी म्हणतो.

आपल्याच घरची संपत्ती

पण आपल्या व्यवसायबंधूंकडे असलेले सर्वांत मोठे धन म्हणजे चोथा. रोज ५ किलो भरड उकळणाऱ्या छोट्या औषधशाळेत, काढ्यात उतरणारा अंश वजा जाता, रोज सुमारे ४ किलो कोरड्या वजनाचा चोथा उरतो. वर्षाला ३०० दिवस धरले तर १,२०० किलो. हे द्रव्य आपण परीक्षा करून विकत घेतलेले असते, त्याचे मूळ आपल्याला ज्ञात असते आणि उकळल्यामुळे त्यातील तणांचे बी मेलेले असते. एवढी खात्री कोणत्याही गोणीवर छापून मिळणार नाही. आणि आपण त्याचे काय करतो? गावाबाहेरच्या उकिरड्यावर टाकण्यासाठी गाडीभाडे देतो!

कुजवण्याची रीत सोपी आहे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाने 'नाडेप' म्हणून ओळखली जाणारी भोके ठेवलेली विटांची टाकी १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असते. औषधशाळेला ती योग्य आहे. दवाखान्यामागे तीन फूट लांब, रुंद व उंच असा हौद पुरतो. त्याहून लहान ढीग नीट तापत नाही. चोथा व पाचट यांचा चार बोटे थर, त्यावर शेणकाला, त्यावर मातीची भुरभुर, असे थर रचावेत. मुठीत पिळल्यावर एखादा थेंब यावा इतपत ओल असावी. तीन आठवड्यांनी वरखाली करावे. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. २७ घनफुटांचा असा हौद आटून निम्मा झाला तरी दीडशे चौरस फुटांना एक इंच थर देतो. वर्षात तीन वेळा भरला तर मध्यम बागेची चिंता मिटते.

काही पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत.

१. खलगृह, भस्मशाळा व पर्पटी-कज्जलीची जागा यांचा केर, फडकी, धुण्याचे पाणी आणि फुटलेली शरावसंपुटे कोणत्याही परिस्थितीत खताच्या खड्ड्यात जाऊ नयेत. त्यासाठी लाल रंगाचे झाकणाचे वेगळे पिंप ठेवावे आणि त्याची विल्हेवाट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मान्यतेच्या घातक कचरा व्यवस्थेकडूनच करावी.

२. गजपुटाला हजाराहून अधिक गोवऱ्या लागतात आणि राखही तेवढीच निघते. ही राख पालाशयुक्त असली तरी नाग, वंग वा पारदयुक्त पुटाची असल्यास संपुट तडकल्याचा संशय नेहमीच असतो. ती टाकून द्यावी. चुलीची राखही बेतानेच घालावी. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनी मुळातच क्षारस्वभावी आहेत. अधिक राखेने पाने पिवळी पडतात.

३. कुचला, बचनाग, बिब्बा यांचा चोथा व शोधनातील द्रव वेगळे ठेवावेत.

४. लवण व क्षार घातलेल्या कल्पांचा गाळ टाकू नये. आसवारिष्टांचा साका थोडा, भरपूर पाण्यात कालवून आणि थराच्या आत घालावा. अन्यथा मुंग्या व माशा होतात.

५. हिरडा, अर्जुन, बाभूळ यांच्यासारखा कषायरसप्रधान चोथा सावकाश कुजतो. त्यात शेणकाला दुप्पट घालावा. हिरडा-आवळ्याच्या आठळ्या कुटल्याविना घालू नयेत.

६. तयार खताची परीक्षा करावी. ढिगात खुपसलेली पहार दहा मिनिटांनी काढल्यास गरम लागू नये, वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा यावा. निम्मे खत व निम्मी माती घेऊन त्यात मेथी पेरावी. ती जोमाने उगवली तर खत पक्व समजावे. दोन-तीन वर्षांतून एकदा मातीची तपासणी करावी. नारायणगाव व बारामती येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. जड धातूंची तपासणी मात्र त्यासाठी सज्ज असलेल्या प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे मागून घ्यावी.

आणखी एक विवेक. सर्वच वनस्पतींना खताची भूक सारखी नसते. अश्वगंधा मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे हलक्या जमिनीत, बेताच्या खतावर होते. तिला आपण माया म्हणून भरपूर नत्र दिले तर पाने माजतात आणि मूळ रोडावते. आपल्याला मूळ हवे आहे, पाने नव्हेत. तुळस व ब्राह्मी यांना मात्र कुजलेले खत सढळ हाताने मानवते. मात्रेचा विचार रुग्णाला तसाच रोपालाही लागू पडतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, वनस्पती नत्र शोषते ते शेवटी नायट्रेट व अमोनियम या रूपांतच. मग ते शेणातून आले काय आणि युरियातून आले काय? हा आक्षेप खोटा नाही. पण खत म्हणजे केवळ नत्र नव्हे. जमिनीची ओल धरण्याची शक्ती, तिचा भुसभुशीतपणा आणि तिच्यातील जीवसृष्टी यांना युरिया काहीच देत नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टाची जी पद्धत बसवली, ती आपल्या देशातील शेतकऱ्यांच्या निरीक्षणातूनच.

दुसरा आक्षेप आपल्यातीलच काही बंधूंचा असतो. चार कुंड्यांसाठी इतका बाऊ कशाला? त्यांना आमचे उत्तर असे की, बाग चार कुंड्यांची असेल, पण तिच्यातील पान रुग्णाच्या पोटात जाते. बाजारातून वाळलेली ब्राह्मी घेताना आपण तिचा वर्ण, गंध व रस पाहतो, भेसळ ओळखतो, व्यापाऱ्याला चार प्रश्न विचारतो. स्वतःच्या परसातील ब्राह्मीला मात्र एकही प्रश्न न विचारता स्वरसासाठी खुडतो. घरचे म्हणून निर्दोष, ही समजूत आम्हाला महागात पडली आहे.

प्रत्येक औषधशाळेने द्रव्यखरेदीच्या नोंदवहीप्रमाणेच बागेच्या खताची एक साधी वही ठेवावी, अशी आमची सविनय सूचना आहे. खत कोठून आले, केव्हा घातले, कोणत्या वाफ्यात घातले, एवढ्या तीन रकान्यांनी काम भागेल. आणि येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या आवारातील केर कोठे जातो, हे प्रत्येकाने एकदा स्वतः मागे चालत जाऊन पाहावे. झाडणाऱ्यांना विचारावे, दोन पिंपे ठेवावीत आणि दोहोंतील भेद त्यांना समजावून सांगावा. आम्ही हे फार उशिरा केले. आमच्या बंधू-भगिनींनी तो उशीर करू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

इत्यलम्.